आप्पांना घेऊन संध्याकाळी तोरणमाळचा घाट: निघायचं किती वाजता?

घाटवळण
नमस्कार मंडळी. दिवाळीला आम्ही चौघं पुण्याहून शहाद्याला घरी येतोय. एक बेत डोक्यात आहे, तुमचा सल्ला हवा.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत तोरणमाळची मुक्कामी गाडी त्यांच्याकडे असायची. दुपार कलली की शहाद्याहून सुटायची, दिवेलागणीला वर, रात्री तिथेच झोप, पहाटे परत. म्हणजे तो घाट त्यांनी संध्याकाळच्या वेळी शेकडो वेळा चढलाय. मागच्या महिन्यात फोनवर मी सहज विचारलं, "आप्पा, घाटातून सूर्य बुडताना कसा दिसतो हो?" तर म्हणाले, "मी रस्ता दखू का सूर्य दखू?"

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. आता त्यांचं वय ७६. या वेळी गाडी मी चालवणार आणि ते बाजूला बसणार, एवढं ठरवलंय.

विचारायचं असं, की शहाद्याहून किती वाजता निघालं तर मावळती घाटात सापडेल? रात्री उतरावं की वरच मुक्काम करावा? मायला गाडी लागते, तिचं काय? माझी गाडी ऑटोमॅटिक आहे आणि मी घाट फारसे चालवलेले नाहीत, खंडाळा सोडला तर. चाळीसगावचे मेहुणे म्हणतात, एवढ्या लांब कशाला जाता, कन्नड घाटात या. आणि मुलीला शाळेत नॅशनल पार्कवर तक्ता करायचाय, ती विचारते, तोरणमाळ नॅशनल पार्क आहे का?

तापीकाठ
भाऊ, शहाद्याचाच आहे, वर्षातून चार-पाच वेळा जाणं होतं.

शहादा ते तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटर. म्हसावद, राणीपूर आणि पुढे घाट. राणीपूरपर्यंत सपाट मैदान, ऊस-केळी-कापूस बघत जायचं. खरी चढण त्यानंतर. दिवाळीच्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पण तो कॅलेंडरमधला सूर्य. घाटात डोंगराची सोंड आडवी येते आणि आतल्या वळणांवर पाऊण तास आधीच सावली पडते. म्हणून साडेतीनला शहादा सोडा. राणीपूरला चहा घ्या, पण रेंगाळू नका. पाच-सव्वापाचला घाटाच्या वरच्या निम्म्यात असलात तर काम झालं.

अजून एक. आपण दक्षिणेकडून उत्तरेला चढतो. वळणं इकडे-तिकडे फिरवतात, पण एकंदरीत मावळती डाव्या हाताला राहते. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. तुमच्या आप्पांना सूर्य दिसला नाही यात त्यांच्या नजरेइतकाच सीटचाही दोष आहे. त्यांना पुढे डावीकडे बसवा. मायला मागे मधोमध बसवा, म्हणजे समोरचा काचेतला रस्ता दिसतो आणि पोटात कमी ढवळतं. जेवण हलकं. निघताना भरीत-भाकरी दाबून चढू नका, मग कितीही आवळकाठ्या चघळा, उपयोग नाही.

सूर्य गेला की वीस-पंचवीस मिनिटांत मिट्ट काळोख होतो. आपल्याकडे संधिप्रकाश लांबत नाही. तेवढ्या वेळात वर पोचायचं.

रातकिडा
तठे काय शे भो? थंडी आनि माकडे. त्यापेक्षा घरी बठीसन शेवभाजी खा.

नेमकं_बोला
मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण इथे अर्धे लोक सरसकट "नॅशनल पार्क" म्हणतात.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी. खानदेशात एकही नाही. आपल्याकडे अभयारण्यं आहेत. जळगाव जिल्ह्यात यावल, धुळे जिल्ह्यात अनेर धरण, आणि चाळीसगावच्या डोक्यावर गौताळा-औट्रमघाट, जे १९८६ मध्ये जाहीर झालं आणि साधारण २६० चौरस किलोमीटरचं आहे. तोरणमाळ यातलं काहीच नाही. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, मुक्ताईनगरकडचं मुक्ताई-भवानी आहे तसं. राष्ट्रीय उद्यानात माणसाच्या वहिवाटीला जवळजवळ जागा नसते. संवर्धन राखीव मात्र लोकांशी बोलून जाहीर करायचं असतं, आणि तिथल्या माणसांचे हक्क जात नाहीत. तोरणमाळला गाव आहे, शेती आहे, देऊळ आहे, यात्रा आहे. तक्त्यावर हा फरक लिहिला तर बाईंनाही नवीन काही कळेल.

भुसावळ_ते_बॉस्टन
नेमकंराव, राष्ट्रीय उद्यानात डोंगरावर गाडीने जाण्याचा अनुभव माझ्याकडे आहे, सांगतो. इथे अमेरिकेत मेन राज्यात अकेडिया नॅशनल पार्क आहे, त्यात कॅडिलॅक माउंटन. माथ्यापर्यंत डांबरी रस्ता. लोक पहाटेचा आणि संध्याकाळचा सूर्य बघायला एवढी झुंबड करायचे, की २०२१ पासून हंगामात गाडीचं आगाऊ आरक्षण लागतं. आम्ही गेलो तेव्हा गाडीमागे सहा डॉलर आणि वर शिरायची ठरलेली वेळ. उशीर झाला की संपलं. माथ्यावर अडीच-तीनशे माणसं समुद्राकडे तोंड करून उभी, आणि सूर्य गेल्यावर टाळ्या! मला हसू आवरेना.

आणि उंची किती, तर १५३० फूट, म्हणजे ४६६ मीटर. आपलं तोरणमाळ अकराशे मीटरच्या वर. कॅडिलॅकवर कॅडिलॅक ठेवला तरी तोरणमाळच उंच. भुसावळच्या माणसाला एवढा माज चालतो ना?

तापीकाठ
चालतो! फक्त टाळ्या वाजवायला आमच्याकडे कोणी थांबत नाही. म्हशी असतात.

गिअर_दोन
घाटवळण, तुम्ही खंडाळ्याचं नाव घेतलंत म्हणून काळजीने लिहितोय. द्रुतगती मार्ग हा घाट नव्हे. तोरणमाळचा सातपायरी घाट म्हणजे एकावर एक रचलेल्या पायऱ्या आहेत, वरच्या वळणावरून खालची दोन वळणं पायाखाली दिसतात.

माझीच फजिती सांगतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही पाच जण, डिकी भरलेली, रात्री आठला वरून निघालो. का, तर दुसऱ्या दिवशी लग्न. मी पूर्ण उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. निम्म्यावर आधी वास आला, जळक्या रबरासारखा, पण त्याहून तिखट. मग पॅडल मऊ झालं. दाबतोय आणि खाली जातंय, गाडी मात्र आपल्या मर्जीची. हँडब्रेक हळूहळू ओढत, गिअर पाडत डोंगराच्या बाजूला टेकवली. खाली उतरलो तर पुढच्या चाकांतून धूर. मित्र पाण्याची बाटली घेऊन धावला. तेवढ्यात मागून एक पिकअप आली, त्यातला माणूस ओरडला, "पाणी नको टाकू, तडकेल!" त्याने आम्हाला अर्धा तास नुसतं बसवून ठेवलं. बॉनेट उघडलं नाही, काही दुरुस्त केलं नाही. फक्त थंड होऊ दिलं. मग म्हणाला, "दुसऱ्यात टाक आणि माझ्या मागे ये." पूर्ण घाट त्याच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून उतरलो. खाली राणीपूरला चहा पाजू म्हटलं तर थांबलासुद्धा नाही.

तेव्हापासून माझं आयडी हे आहे.

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. ऑटोमॅटिकमध्ये डी वर सोडून देऊ नका, मॅन्युअल मोड किंवा एल (लो गिअर) असेल तो वापरा, इंजिन कोकललं तरी घाबरू नका, त्याला तेच काम आहे. ब्रेक दाबायचा तो थोडा वेळ, नीट, आणि मग सोडायचा. नुसता पाय ठेवून बसायचं नाही. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, तो नुसता शिष्टाचार नाही, नियमच आहे. थांबलेली गाडी चढावर पुन्हा उचलणं अवघड असतं म्हणून. आणि नवशिक्या हाताने रात्री उतरायचं नाही. वर मुक्काम करा. बाकी आप्पा शेजारी आहेत, त्यांनी डबल क्लच मारून लेलँड उतरवलीय, ते माझ्यापेक्षा बरं सांगतील.

चाळीसगावकर
मेहुण्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हो. कन्नड घाट उतरताना समोर गिरणेचं खोरं पसरतं, ते दृश्य रोजचं असूनही मी दर वेळी काच खाली करतो. घाटाला औट्रम नाव पडलं ते जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून, ज्याने १८२५ पासून धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. पायथ्याला पाटणादेवी, चंडिकेचं बाराव्या शतकातलं देऊळ. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद आहे, भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. मुलीला तक्त्यासाठी हे जास्त कामाचं.

पण खरं बोलायचं तर संध्याकाळच्या निवांत फेरीला हा घाट नाही. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग आहे. २०२१ च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळून तो बंद पडला होता, ते सगळ्यांना आठवतं. जड वाहनांना कोर्टाच्या आदेशाने बंदी आल्यापासून श्वास घेता येतो, तरी महामार्ग तो महामार्ग, मनात आलं तिथे थांबता येत नाही. आणि गौताळ्याच्या आत अंधार पडल्यावर काही काम नाही आपलं, बिबटे आहेत.

रावेरचा_केळकरी
पालला कोणीच विचारत नाही. यावल अभयारण्यातलं पाल, सुकी नदीवरचं धरण, हरणं. चढ अगदी सौम्य, मायला गाडी लागणार नाही. पण आप्पांची गोष्ट वाचली आणि गप्प बसलो. तुम्ही तोरणमाळलाच जा.

सातपुड्याची_लेक
मी तोरणमाळच्याच अक्राणी तालुक्यातली. पावरा आदिवासी. सध्या नाशिकला नोकरी करते. इतके दिवस वाचत होते, आज लिहिते.

तुमच्यासाठी संध्याकाळ म्हणजे सूर्यास्त. आमच्यासाठी ती घरी परतायची वेळ. त्या रस्त्यावर पाच ते सात या वेळात बायका मोळ्या घेऊन असतात, पोरं शेळ्या वळवत असतात, बाजारातून आलेली जीप वळणावर माणसं उतरवत असते. ऐन वळणात गाडी उभी करून, चारही दरवाजे उघडे टाकून, गाणी लावून फोटो काढणारे लोक मी लहानपणापासून बघतेय. डोक्यावर मोळी असलेल्या बाईला दरीच्या कडेने वळसा घालून जावं लागतं. तुमचे पाहुणे तिला "एक फोटो" म्हणतात, विचारण्याआधीच काढतात.

आणि "रस्ता थरारक आहे" असं वर कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. २०२१ च्या जानेवारीत खडकी घाटात मजुरांची गाडी दरीत गेली. ते काही थरार अनुभवायला निघाले नव्हते, कामाला निघाले होते.

आप्पांसारख्या मुक्कामी गाडीवाल्यांना मात्र आमच्याकडे मान होता. आजारी माणूस खाली न्यायचा असला की पहाटेची तीच गाडी असायची. माझी आजी म्हणायची, गाडीचा हॉर्न ऐकला की चूल पेटवायची. या तुम्ही. वळण सोडून रुंद जागा बघून थांबा, इंजिन बंद करा, आवाज बंद करा. उन्हाळ्यात वाळवलेला आमचूर वर्षभर मिळतो, आणि दिवाळीत सीताफळं. बाईशी घासाघीस करू नका.

घाटवळण
ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मी आप्पांना फोनवर वाचून दाखवला. हॉर्नचं ऐकून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटला वळणवर दोन दावं वाजाडू मी." म्हणजे शेवटच्या वळणावर ते दोनदा हॉर्न द्यायचे.

सातपुड्याची_लेक
दोनदाच. बरोबर.

नेमकं_बोला
अवांतर: मी सहसा भावुक वगैरे होत नाही.

गिअर_दोन
टायरची हवा शहाद्यातच बघून घ्या. आणि पेट्रोलही तिथेच भरा. कोणी इलेक्ट्रिक गाडीने जाणार असेल तर वरून शंभर टक्के चार्ज करून उतरू नका, बॅटरी भरलेली असली की मोटरचा ब्रेक लागत नाही, सगळा भार पुन्हा चाकांच्या ब्रेकवर येतो. चला, आता जाऊन या.

घाटवळण
जाऊन आलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लांबलचक लिहितो.

साडेतीन ठरलं होतं, चारला दहा कमी असताना निघालो. मायचे डबे. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डावीकडे बसायला आधी कां-कूं केलं, मग बसले, पण पूर्ण रस्ता त्यांचा उजवा पाय पायपुसणीवर दाबला जात होता. मी ब्रेक मारायच्या अर्धा सेकंद आधी. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी "हॉर्न". पाचव्या वळणानंतर ते बोलायचे थांबले, म्हटलं विश्वास बसला. बघतो तर नुसतं बोट उचलून खूण करत होते.

तापीकाठ म्हणतात तसंच झालं. आत शिरलं की सावली, गारवा, बाहेर आलं की एकदम सोनं. मायने एकदाही डोळे मिटले नाहीत. घाटाच्या वरच्या टप्प्यात एका ठिकाणी आप्पा म्हणाले, "थांब. पुढे, ते रुंद दिसतं ना, तिथे." मला वाटलं त्यांना सूर्य बघायचाय. इंजिन बंद केलं. ते उतरले आणि सूर्याकडे पाठ करून डोंगराच्या बाजूला चालायला लागले. खाली वाकून कपारीत हात घातला. तिथे म्हणे एक झिरा होता. चढताना गाडी तापली की कंडक्टर तिथून डबड्याने पाणी आणायचा आणि ते रेडिएटरचं झाकण फडक्याने धरून उघडायचे. कपार कोरडी नव्हती. बोटं ओली झाली, ती त्यांनी शर्टाला न पुसता तशीच हवेत धरली.

तेवढ्यात मुलीने त्यांचा शर्ट ओढला. "आजोबा, मागे बघा ना."

वळले. खाली सगळं खानदेश पसरलेलं. डोंगराच्या घड्या एकामागे एक, पुढची काळी, मागची निळी, त्यामागची नुसती धुरासारखी. पार मैदानात शहाद्याकडचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. आणि सूर्य एका सोंडेवर टेकलेला, तांब्याच्या परातीएवढा. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "इतला मोठा ऱ्हास का?" म्हणजे, इतका मोठा असतो का?

आम्ही कोणीच काही बोललो नाही. एक बाई मोळी घेऊन गेली, आप्पांनी तिला हात जोडले, तिने मान हलवली. सूर्य पूर्ण बुडायच्या आधीच ते गाडीत जाऊन बसले. "चाल, वर पोचनं शे." मी म्हटलं आप्पा, आज कोणी प्रवासी खोळंबलेले नाहीत. तर म्हणाले, "अंधार तुले थांबस का?"

शेवटच्या वळणावर मी हॉर्न दोनदा दिला. सांगायला नको होतं, पण दिला.

वर यशवंत तलावाजवळ थंडी चांगलीच होती. शहाद्यात पंखा लावून जेवलो होतो, इथे शाल. हजार मीटर चढलं की सहा-साडेसहा अंश उतरतात, हे मुलीने तक्त्यात लिहिलंय. मुक्कामाच्या जागेबद्दल फार काही लिहीत नाही, गरम पाणी सांगितलं होतं, कोमट मिळालं. पण चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या माणसाने आप्पांकडे दोनदा पाहिलं आणि विचारलं, "मुक्कामी गाडीवाले ना तुम्ही?" त्यानंतर आप्पा आम्हाला रात्री साडेनऊला परत मिळाले.

सकाळी सीताखाई, गोरखनाथाचं देऊळ, कमळ तलाव. सीताखाईला पाणी नव्हतं, ते पावसाळ्यातच बघावं. दहाला उतरायला लागलो. मॅन्युअल मोड, दुसरा गिअर, गिअर_दोन यांचं स्मरण करत. खाली पोचल्यावर आप्पांनी उतरून पुढच्या चाकाला पालथा हात लावून पाहिला. "बरी चालाडस," एवढंच म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

भुसावळ_ते_बॉस्टन
टाळ्या. हो, या वेळी मी वाजवल्या.

तापीकाठ
तो झिरा मला माहीत नव्हता. पुढच्या खेपेला शोधतो.

सातपुड्याची_लेक
आजी आता नाही. पण वाडीत फोन करून सांगितलं मी. आमचूर घेतलात का?

घाटवळण
घेतला ताई, दोन किलो. भाव आप्पांनी मला विचारूच दिला नाही, त्यांनीच पैसे दिले. वर त्या विकणाऱ्या बाईने चार सीताफळं टाकली.

रातकिडा
भो, शनवारले मीबी जास म्हनतस. किती वाजता निघू?

गिअर_दोन
वर वाच.